पावसाळ्यात आणलेली रोपं का गेली आणि आता काय लावायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. धायरीत पाचव्या मजल्यावर फ्लॅट, पूर्वेकडे बाल्कनी, समोर थोड्या अंतरावर दुसरी इमारत. जूनच्या शेवटी नर्सरीतून गुलाब, मोगरा, तुळस, मिरची, जास्वंद, कढीपत्ता आणि शोभेची दोन रोपं आणलीत. तयार मातीची पोती आणून मोठ्या प्लास्टिकच्या कुंड्यांत लावलीत. रोज सकाळी न चुकता प्रत्येक कुंडीला तांब्याभर पाणी, पंधरा दिवसांनी खत. तरी सप्टेंबर लागेपर्यंत गुलाब, तुळस आणि मिरची गेली, मोगऱ्याची पानं पिवळी पडली, जास्वंदाच्या शेंड्यांवर पांढरा कापूस दिसायला लागला. आता तुम्हाला विचारायचंय की न मरणारी झाडं कोणती, रोज किती पाणी घालायचं आणि खत कोणतं चांगलं. शिवाय कबुतरांचं काय करायचं.

मी गेली बरीच वर्षं पुण्यातल्या गच्च्या आणि बाल्कन्यांमध्ये बागा लावून देते, त्यातल्या काही सांभाळतेही. तुमच्यासारखं वर्णन मला दर पावसाळ्याच्या शेवटी ऐकू येतं, आणि जवळजवळ प्रत्येक वेळी सांगणारा माणूस काळजी घेणाराच असतो. काळजी कमी पडलेली नाही. ती चुकीच्या ठिकाणी लागली. तुमचे तिन्ही प्रश्न मातीच्या वर दिसणाऱ्या गोष्टींबद्दल आहेत आणि बिघडलंय ते मातीच्या खाली. म्हणून आधी मुळांबद्दल बोलू.

गुलाबाची कुंडी अजून तशीच ठेवली असेल तर आज एक काम करा. जमिनीवर जुनं वर्तमानपत्र पसरा, कुंडी आडवी करून कडेनं हळूहळू ठोका आणि आतला गोळा अख्खा बाहेर काढा. बहुधा तुम्हाला मधोमध लाल चिकण मातीचा घट्ट लाडू दिसेल, नर्सरीच्या काळ्या पिशवीच्या आकाराचा, आणि त्याच्याभोवती तुम्ही भरलेली मोकळी, काळपट माती. आता त्या लाडवाच्या कडेचं एखादं मूळ चिमटीत धरून ओढा. जिवंत मूळ पांढरट किंवा फिकट पिवळसर असतं, ताठ असतं आणि ओढल्यावर तटकन तुटतं. कुजलेलं मूळ तपकिरी-काळं असतं, त्याची साल बोटांत निसटून येते आणि आतला दोऱ्यासारखा धागा तेवढा हातात राहतो. मातीचा वास घेऊन बघा. चांगल्या मातीला पहिल्या पावसाचा वास असतो. तुंबलेल्या कुंडीला गटाराचा येतो. तुमच्या गुलाबाची मुळं दुसऱ्या प्रकारची निघतील असा माझा अंदाज आहे.

असं का होतं ते समजलं की पुढचं अर्धं काम सोपं. मुळांना पाणी लागतं तशी हवाही लागते. मातीच्या कणांमध्ये बारीक पोकळ्या असतात, त्यातल्या काहींत पाणी आणि काहींत हवा असली की मुळं सुखात असतात. शेतकरी याला वाफसा म्हणतात, आणि वाफसा आल्याशिवाय पेरणीला हात लावत नाहीत. कुंडीतही रोज तोच राखायचा असतो. पोकळ्या सतत पाण्यानं भरलेल्या राहिल्या तर मुळं गुदमरतात, मग कुजवणाऱ्या बुरशीचं फावतं. गंमत अशी की मुळं कुजली की झाड वरून तहानलेलंच दिसतं, कारण पाणी ओढायला मुळंच उरलेली नसतात. पानं माना टाकतात, आपल्याला वाटतं पाणी कमी पडलं, आपण आणखी घालतो. घरातल्या कुंड्यांमधली बहुतेक झाडं याच चक्रात जातात.

त्यात पुण्याचा पावसाळा. इथे कोकणासारखा धो धो पाऊस नसतो, पण जुलै-ऑगस्टमध्ये दिवसचे दिवस ढगाळ आणि दमट जातात. ऊन नाही, वाऱ्यात ओल, पानांतून पाणी उडत नाही. अशा दिवसांत मोठ्या प्लास्टिकच्या कुंडीत घातलेलं पाणी आठवडाभरही टिकतं. मार्च-एप्रिलमध्ये तीच कुंडी कोरड्या हवेत आणि पाचव्या मजल्यावरच्या वाऱ्यात एका दिवसात सुकेल. म्हणूनच ‘रोज किती पाणी’ या प्रश्नाला मी आकडा देत नाही. ते महिन्यावर, कुंडीच्या आकारावर, मातीवर, उन्हावर आणि झाड किती वाढलंय त्यावर ठरतं. आकड्याऐवजी तपासणी सांगते, ती बाराही महिने उपयोगी पडते.

तर्जनी दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घाला. ओल लागली, माती बोटाला चिकटली, तर आज पाणी नाही. कोरडं लागलं तर पाणी, आणि ते तळाच्या भोकातून बाहेर येईपर्यंत, सावकाश, दोन टप्प्यांत. तांब्याभर पाणी रोज वरवर शिंपडलं की वरचा थर कायम ओला राहतो आणि मुळं वरच घोटाळतात. कुंडी लहान असेल तर उचलून बघा. पाणी घातल्यावर लगेच एकदा आणि दोन दिवसांनी एकदा उचललीत की वजनातला फरक हाताला कळायला लागतो. तुमच्या तयार मातीत कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, असणार, म्हणून एक इशारा देऊन ठेवते. कोकोपीट वरून लवकर सुकतं, फिकट दिसतं, आणि खाली ओलं असतं. रंगावर विश्वास ठेवू नका, बोटावर ठेवा.

तळाच्या ताटलीत साठलेलं पाणी अर्ध्या तासात ओतून द्या. मुळांसाठी तर द्याच, पण डेंगीचा डास अशाच स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. पावसाळ्यात तर ताटल्या काढूनच ठेवा. फक्त खालच्या मजल्यावरच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर गढूळ पाणी जाणार नाही, तेवढं बघा. सोसायटीतली अर्धी भांडणं तिथेच सुरू होतात.

दुपारी झाड मलूल दिसलं म्हणून धावू नका. ऑक्टोबरच्या आणि एप्रिलच्या उन्हात जास्वंद, मिरची, पुदिना माना टाकतात आणि संध्याकाळी आपोआप सावरतात. सकाळी सहा-सातलाही मलूल असेल तर मात्र बोट घालून बघा. माती कोरडी असेल तर तहान. ओली असून झाड मलूल असेल तर मुळांचं दुखणं, आणि अशा वेळी पाणी बंद.

आता माती. आपल्या दख्खनची काळी माती शेतात सोन्यासारखी, पण नुसती कुंडीत भरली तर ओली असताना चिकटते आणि वाळली की भेगाळते. नर्सरीत मिळणारी लाल माती दिसायला छान, पण पुष्कळदा चिकण असते आणि दोन-तीन महिन्यांत कुंडीत विटेसारखी बसते. उलट नुसतं कोकोपीट आणि गांडूळखत घातलं तर हलकं होतं, पण सहा महिन्यांत खाली बसतं आणि झाडाला आधार राहत नाही. मी स्वतः वापरते ते प्रमाण असं: दोन घमेली चाळलेली माती, एक घमेलं भिजवून फुलवलेलं कोकोपीट, एक घमेलं गांडूळखत किंवा पूर्ण कुजलेलं शेणखत. प्रत्येक मोठ्या कुंडीमागे मूठभर नीमपेंड, म्हणजे निंबोळ्यांचं तेल काढल्यावर उरलेला चोथा. माती फार चिकण असेल तर थोडं भाताचं तूस किंवा विटांचा बारीक चुरा. कोकोपीटची वीट भिजवली की ते पाणी एकदा-दोनदा पिळून टाका, त्यात क्षार असतात. शेणखत ताजं नको. कुजताना ते गरम होतं आणि कोवळी मुळं भाजून काढतं.

मिश्रण बरोबर झालं की नाही हे मुठीत कळतं. किंचित ओलं करून मूठ आवळा. गोळा झाला पाहिजे आणि अंगठ्यानं टोचल्यावर सुटला पाहिजे. सुटलाच नाही तर माती जास्त, गोळाच झाला नाही तर कोकोपीट जास्त.

कुंडीच्या तळाशी दगड-विटांचा जाड थर घालायची पद्धत सर्रास दिसते. त्यानं निचरा होतो असं समजतात. प्रत्यक्षात बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहज उतरत नाही, ते मातीच्याच तळाशी अडून राहतं. म्हणजे ओला थर मुळांच्या आणखी जवळ सरकतो आणि कुंडीतली माती कमी होते ते वेगळंच. भोकावर एक खापराचा तुकडा किंवा नारळाच्या शेंड्यांची चिमूट ठेवा, माती वाहून जाऊ नये इतपत. बाकी कुंडीभर एकच मिश्रण. भोकं मात्र बघून घ्या. कित्येक शोभेच्या कुंड्यांना भोकच नसतं, किंवा असलं तर त्यावरची प्लास्टिकची चकती काढलेली नसते.

तुम्ही रोपं आणल्या आणल्या मोठ्या कुंड्यांत लावलीत, ‘पुन्हा बदलायला नको’ म्हणून. बहुतेक जण असंच करतात. पण लहान रोपाची मुळं मोठ्या कुंडीतलं सगळं पाणी उचलू शकत नाहीत, आणि ज्या मातीत मुळं नाहीत ती ओलीच राहते. पिशवीतलं रोप आधी आठ-इंची कुंडीत, मग मुळं भरली की दहा किंवा बारा-इंचीत. बारा-इंची भरलेली कुंडी वीस किलोच्या आसपास जाते, तेव्हा कठड्यावर काय टांगायचं आणि जमिनीवर काय ठेवायचं तेही आधीच ठरवा. कठड्याला टांगायचं असेल तर हलकं, आणि आतल्या बाजूनं.

लावताना त्या लाल लाडवाचीही सोय बघावी लागते. पिशवीसकट रोप बादलीत पंधरा मिनिटं बुडवून ठेवा, मग पिशवी कापा आणि लाडवाच्या कडेची, तळाची माती बोटांनी हलकेच मोकळी करा. मुळं गोल गोल फिरलेली असतील तर सोडवा. मधल्या भागाला हात लावू नका. हे केलं नाही तर दोनपैकी एक होतं. भोवतालच्या मोकळ्या मातीतून पाणी पळून जातं आणि लाडू आतून ठणठणीत कोरडा राहतो, किंवा तुमच्यासारखं रोज पाणी असलं तर लाडू चिखलासारखा राहतो. खोड पिशवीत जितकं मातीत होतं तितकंच कुंडीत ठेवा, वर दोन बोटं जागा पाण्याला सोडा आणि चार-पाच दिवस सावलीत ठेवून मग उन्हात सरकवा. हे काम संध्याकाळी करावं.

आता ‘न मरणारी झाडं’. तशी यादी देता येते, पण आधी तुमच्या बाल्कनीत ऊन किती येतं ते मला माहीत नाही, आणि बहुधा तुम्हालाही नेमकं नाही. पूर्वेची बाल्कनी म्हटलं की सकाळचं कोवळं ऊन असं आपण धरून चालतो. तुमच्या समोर इमारत आहे. सूर्य तिच्या वर येईपर्यंत किती वाजतात? आणि तुमच्याच वरच्या मजल्याच्या स्लॅबची सावली किती वाजता पडते? येत्या रविवारी खडूनं फरशीवर दर तासाला उन्हाची कड आखा आणि शेजारी वेळ लिहा. दुपारपर्यंत तुमच्या बाल्कनीचा नकाशा तयार होईल. कोणत्या कोपऱ्यात तीन तास आणि कोणत्यात अर्धा, ते डोळ्यांना दिसेल.

हा नकाशा वर्षभर तोच राहत नाही. पुणे साधारण साडेअठरा अक्षांशावर आहे. मेच्या मध्यात दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, तिथून जुलैअखेरपर्यंत दुपारी तो किंचित उत्तरेकडेच असतो, आणि डिसेंबरात दक्षिणेकडे चांगला कलतो. तुमच्या बाल्कनीत म्हणजे जूनमध्ये ऊन ईशान्येकडून येतं आणि डिसेंबरात आग्नेयेकडून. इमारत नेमकी कुठल्या बाजूला आहे त्यावर हिवाळ्यात तुमचं ऊन वाढेल किंवा निम्म्यावर येईल. दक्षिणेच्या बाल्कनीत हिवाळ्यात ऊन खोलीपर्यंत शिरतं आणि मेमध्ये कुंड्यांवर जवळजवळ पडतच नाही. पश्चिमेकडच्यांना एप्रिल-मेमध्ये दुपारी हिरवी जाळी लावल्याशिवाय गत्यंतर नसतं. तेव्हा खडूचं काम डिसेंबरात आणि मेमध्ये पुन्हा करा.

उन्हाच्या तासांवर निवड ठरते. पाच-सहा तास थेट ऊन असेल तर गुलाब, मोगरा, मिरची, टोमॅटो, वांगी. तीन-चार तास असेल तर पालेभाज्या, पुदिना, कढीपत्ता, सदाफुली, गोकर्ण, गवती चहा. जास्वंद इतक्या उन्हात जगते, फुलं कमी देते. तासाभराहून कमी, पण उजेड भरपूर, तर मनी प्लांट, स्नेक प्लांट, झेडझेड प्लांट, अळू. लहान मूल घरात असेल तर डिफेनबेकिया आणि कण्हेर आणू नका. डिफेनबेकियाचं पान चघळलं तर तोंड-जीभ सुजते, आणि कण्हेर तर सगळीच विषारी.

तुमच्या मिरचीला आणि गुलाबाला पूर्वेच्या अडलेल्या उन्हात हवं तेवढं ऊन मिळालं असेल का, याची मला शंका आहे. त्यात पावसाळ्यातले ढग. मोगऱ्याची मात्र काळजी करू नका. तो फुलतो उन्हाळ्यात. सप्टेंबरमध्ये कळी नाही हे दुखणं नव्हे. पानं पिवळी पडलीत ती ओलीमुळे, पाणी आवरलंत की नवी फूट हिरवी येईल. जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीत त्याची छाटणी करा, जुनी पानं काढा, खत द्या, मार्चपासून कळ्यांची वाट बघा. तुळशीला ओले पाय मुळीच चालत नाहीत. पुढची तुळस मातीच्याच कुंडीत लावा, म्हणजे कडेनंही पाणी सुकतं, आणि मंजिऱ्या येतील तशा खुडत राहा. बी धरू दिलं की तुळस म्हातारी होते. गुलाब पुन्हा आणायचा तर थंडी सुरू झाल्यावर आणा, आणि पाच तास ऊन असलेला कोपरा सापडला तरच.

नवशिक्यानं पहिल्यांदा काय लावावं असं मला कोणी विचारलं तर मी मेथी सांगते, आणि ती दसरा झाल्यावर. पाऊस ओसरलेला असतो, थंडी येऊ घातलेली असते आणि तीन-चार तासांचं ऊन तिला पुरतं. मुख्य म्हणजे ती लवकर बोलते. झाड सहा महिन्यांनी मेलं तर आपलं काय चुकलं ते कळायला मार्ग नसतो. मेथी चार-पाच दिवसांत उगवते आणि महिन्याभरात ताटात येते, त्यामुळे काय बरोबर झालं आणि काय बिघडलं ते डोळ्यासमोर घडतं.

फळवाल्याकडचा प्लास्टिकचा क्रेट किंवा सहा इंच खोल ट्रे घ्या. क्रेटला आतून जुनं सुती कापड किंवा जाळी लावा. मघाचंच मिश्रण पाच इंच भरा, पाणी घालून एक रात्र निथळू द्या. स्वयंपाकघरातले मेथीदाणे रात्रभर भिजवा. सकाळी ओळीत नव्हे तर विखरून पेरा, दाण्याला दाणा लागणार नाही इतपत, आणि वर अर्धा सेंटीमीटर माती किंवा खताचा थर भुरभुरवा. पाणी झारीनं, किंवा बाटलीच्या झाकणाला सुईनं भोकं पाडून. तांब्यानं ओतलंत तर दाणे एका कोपऱ्यात गोळा होतात. उगवून आल्यावर रोपं एकाच जागी कोलमडायला लागली आणि खोडाशी बारीक पिचलेली दिसली तर ती मर आहे. दाटी आणि ओल दोन्ही जास्त झाल्याची खूण. तिथली रोपं उपटून टाका, पाणी आखडा, वारा लागू द्या. दोन ट्रे पंधरा दिवसांच्या अंतरानं पेरलेत तर दुसरा कापायला येईपर्यंत पहिला पुन्हा पेरता येतो.

कोथिंबिरीला जरा जास्त धीर लागतो. धणे पोळपाटावर लाटण्यानं हलके रगडून दोन भाग करायचे, पूड करायची नाही. भिजवून पेरले की उगवायला आठ-दहा दिवस, कधी जास्त. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा तिचा काळ. मार्चनंतर ती पानं द्यायच्या आधी फुलावर जाते, तेव्हा उन्हाळ्यात कोथिंबीर जमत नाही म्हणून खट्टू होऊ नका. पालक या दोन्हींहून सोपा, आणि वरून कापत गेलं तर तीन-चार वेळा येतो. मंडईतून आणलेल्या पुदिन्याच्या जुडीतल्या जाड काड्या खालची पानं काढून पेलाभर पाण्यात ठेवल्या की आठवड्याभरात पांढरी मुळं दिसतात. पुदिना वेगळ्याच कुंडीत लावा, तो शेजारच्याला जगू देत नाही. उन्हाळ्यासाठी मायाळूचा वेल लक्षात ठेवा. पालक हरतो तेव्हा तो जोरात असतो, आणि त्याची भजी फार छान होतात.

खताबद्दल थोडक्यात. आजारी झाडाला खत नाही. मुळं दुखत असताना दिलेलं खत त्यांना आणखी जाळतं. तुम्ही पंधरा दिवसांनी देत होतात ते सध्या पूर्ण थांबवा. झाड नवी पालवी काढायला लागलं की महिन्यातून एकदा बारा-इंची कुंडीला दोन मुठी गांडूळखत, वरची माती खुरप्यानं हलवून, पुरेसं आहे. दर दोन-तीन महिन्यांनी चमचाभर नीमपेंड. वर पालापाचोळ्याचा थर. बाजारातली रंगीत दाणेदार खतं पहिल्या वर्षी आणूच नका. चहाचा चोथा घालता का? आपल्याकडे चहा दूध-साखर घालून उकळतात, त्यामुळे चोथा तसाच कुंडीत टाकला तर मुंग्या येतात आणि बुरशी धरते. धुऊन, वाळवून, कंपोस्टमध्ये टाका.

गणपतीचे दिवस आहेत म्हणून दोन गोष्टी सांगते. निर्माल्य, दुर्वा, पत्री यांचं कंपोस्ट उत्तम होतं. हारांचे दोरे आणि जरी आधी काढा, आणि निर्माल्याच्या निदान दुप्पट कोरडी पानं मिसळा, म्हणजे वास येत नाही. दुसरी गोष्ट शाडूच्या मूर्तीची. घरी बादलीत विसर्जन करून ते पाणी लोक भक्तीनं कुंड्यांत घालतात. भावना चांगली आहे, पण शाडू ही अतिशय बारीक कणांची माती. ती वर साय धरते आणि हवा-पाण्याच्या वाटाच बंद करते, म्हणजे आपण इतका वेळ ज्या वाफशाबद्दल बोललो तो मोडते. शाडू गोळा करून पुन्हा मूर्तिकारांकडे पाठवण्याच्या मोहिमा आता पुण्यात चालतात, तिथे द्या. नाहीतर गाळ वाळवून सोसायटीच्या मोठ्या झाडांखाली पसरा.

जास्वंदावरचा कापूस म्हणजे पिठ्या ढेकूण. फार भरलेले शेंडे कापून पिशवीत बांधून कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये नको. उरलेल्या फांद्यांवर पाण्याचा जोराचा फवारा मारा, सांध्यांतले कीटक ओल्या बोळ्यानं पुसा. मग एक लिटर पाण्यात पाच मिली नीमतेल आणि भांडी घासायच्या लिक्विडचे चार-पाच थेंब घालून चांगलं हलवा आणि संध्याकाळी पानांच्या मागच्या बाजूनं फवारा. उन्हात मारलंत तर पानं करपतात. आठवड्याच्या अंतरानं तीनदा करावं लागतं, कारण अंडी एका फवाऱ्यात जात नाहीत. खोडावर मुंग्यांची रांग दिसली तर आधी तिचा बंदोबस्त करा. ढेकणांच्या अंगातून निघणाऱ्या गोड चिकट रसासाठी मुंग्या त्यांना जपतात, एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर नेतातसुद्धा.

मग आत्ता नेमकं काय करायचं, तर एवढंच. उरलेल्या पाचही कुंड्यांचं पाणी आजपासून बंद, बोट कोरडं लागेपर्यंत. मोगऱ्याची माती फारच चिखल झाली असेल तर गोळा बाहेर काढून दोन दिवस वर्तमानपत्रावर सावलीत ठेवा, कुजलेली मुळं कात्रीनं कापा आणि नव्या मिश्रणात लहान कुंडीत लावा. जास्वंदाचा इलाज या आठवड्यात सुरू करा. रविवारी खडू. दसऱ्यानंतर मेथी. नवीन रोपांची खरेदी तोवर थांबवा. मग हवं तर शिवाजीनगरला कृषी महाविद्यालयाच्या रोपवाटिकेत जा, किंवा सोलापूर रस्त्यानं उरुळी कांचनच्या नर्सऱ्यांपर्यंत चक्कर मारा. जानेवारीत प्रजासत्ताक दिनाच्या सुमाराला एम्प्रेस गार्डनमध्ये पुष्पप्रदर्शन भरतं, तिथे कुंडीत काय काय फुलवता येतं ते बघायला मिळतं आणि माहितगार माणसंही भेटतात. रोप निवडताना फुलांनी लगडलेलं घेऊ नका. बुटकं, भरपूर फुटवे असलेलं, पानांच्या मागे स्वच्छ असलेलं घ्या.

राहिली कबुतरं. पाचव्या मजल्यावर ती येणारच, आणि मोकळी माती दिसली की उकरणार. सीडी टांगणं, चमकणाऱ्या पट्ट्या, प्लास्टिकचं घुबड, यांना ती आठवड्याभरात सरावतात. पेरलेल्या ट्रेवर रोपं चार बोटं होईपर्यंत तारेची किंवा नायलॉनची जाळी कमानीसारखी वाकवून बसवा. मोठ्या कुंड्यांत मातीवर नारळाच्या शेंड्या दाबून पसरा किंवा बांबूच्या काड्या वीतभर अंतरानं उभ्या खोचा, म्हणजे त्यांना बसायला जागा उरत नाही. एखाद्या कुंडीत काड्या आणून टाकायला लागली की त्याच दिवशी काढा. अंडी घातल्यावर घरातल्या कुणाच्याच हातून ते होत नाही आणि महिना-दीड महिना ती कुंडी त्यांची होते. विष्ठा साफ करताना आधी पाणी शिंपडून ओली करा आणि नाकातोंडाला रुमाल बांधा, कोरडी झाडू नका. बाल्कनीला पूर्ण जाळी बसवणार असाल तर मोठ्या चौकोनांची पारदर्शक नायलॉनची घ्या. बारीक विणीच्या काळ्या जाळीनं तुमचं आधीच मोजकं असलेलं सकाळचं ऊन आणखी अडेल.